शिवणवर्गाचा हिशेब: छोट्या संस्थेने आपल्या कामाचा परिणाम कसा मोजायचा

आमच्या बडोद्यात चार मराठी माणसं जमली की मंडळ होतं आणि मंडळाला दहा वर्षं झाली की त्याचा ट्रस्ट होतो. गणपती होतो, दिवाळी पहाट होते, मग कुणीतरी म्हणतं अरे आपण समाजासाठी पण काहीतरी करूया, आणि सुरू होतो शिवणवर्ग, नाहीतर संध्याकाळचा अभ्यासवर्ग, नाहीतर वॉकर-व्हीलचेअर घरी न्यायला द्यायची सोय. त्यात वाईट काहीच नाही, मी स्वतः अशाच एका छोट्या ट्रस्टची बरीच वर्षं खजिनदार आहे. रावपुऱ्यात एका जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर आमचा वर्ग चालतो, जिना असा की एकेक मशीन वर चढवायला चार चार माणसं लागली होती.

अहवालात दरवर्षी एक ओळ ठरलेली. यंदा इतक्या भगिनींना शिवणकाम शिकवलं, खाली फोटो, पाहुण्यांच्या हस्ते सर्टिफिकेट. एका वार्षिक सभेत मागच्या रांगेतले एक काका उठले, जुने देणगीदार, आणि म्हणाले, "शिकवलंत ते कळलं हो, पण त्यातल्या शिवतात किती?" स्टेजवरचे आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. चहा आला म्हणून सुटलो.

त्यानंतर धडपडत, चुका करत जे जमलं ते इथे लिहितेय. ज्यांच्याकडे पगारी माणूस एक किंवा शून्य आहे आणि हिशेब घरच्या डायनिंग टेबलवर होतात अशा संस्थांसाठी आहे हे.

आधी एक भेद डोक्यात पक्का करा. किती मशिनी, किती तास, किती सर्टिफिकेटं हे सगळं आपण काय केलं त्याचं माप आहे. परिणाम म्हणजे त्या बाईच्या घरी काय बदललं आणि त्यातलंही आपल्यामुळे किती बदललं. काकांनी विचारलं होतं दुसरं आणि आम्ही दरवर्षी छापत होतो पहिलं.

मग एक कोरा कागद घ्या आणि आपलं काम "म्हणून" "म्हणून" लावत एका दमात लिहून काढा. आमचं असं झालं: बाई सहा महिने शिकते, म्हणून तिला ब्लाउज-पंजाबी ड्रेस नीट बेतता येतो, म्हणून ती घरी मशीन घेते, म्हणून शेजारपाजारची गिऱ्हाइकं येतात, म्हणून चार पैसे मिळतात, म्हणून घरात तिचं म्हणणं ऐकलं जातं. मोठ्या संस्था ह्यालाच थिअरी ऑफ चेंज म्हणतात आणि त्याचं रंगीत बाणांचं पोस्टर करतात, आपल्याला पाठकोरा कागद पुरतो. आता प्रत्येक "म्हणून"वर बोट ठेवून विचारा की हे आपल्याला माहीत आहे का नुसतं वाटतं? जिथे नुसतं वाटतं तिथेच मोजायचं. आम्ही सगळे शिकवण्याच्या दर्जावर भांडत होतो आणि आमचा धागा तुटत होता भलतीकडेच, "म्हणून ती घरी मशीन घेते" इथे. वर्गात मोटरची मशीन, घरी काहीच नाही, सहा महिने शिकलेला हात दोन महिन्यांत विसरतो. हे आम्हाला कळायला मोजावं लागलं.

मोजायच्या गोष्टी दोन किंवा तीनच ठेवा, खरंच सांगते. आमचा पहिला फॉर्म चार पानी होता, जात-धर्म-रेशनकार्डापासून सगळं विचारलेलं, कारण कमिटीतल्या प्रत्येकाने आपापला एकेक प्रश्न घुसडला. भरताना बायका कंटाळल्या आणि भरून झाल्यावर ते गठ्ठे कुणी उघडले नाहीत. आताचा फॉर्म एक पानी आहे. प्रवेशाच्या दिवशीच भरून घ्यायचा, वर्ग सुरू झाल्यावर नाही: आत्ता शिवणाचे पैसे मिळतात का, मागच्या आठवड्यात किती मिळाले, घरी मशीन आहे का, आणि दोन फोन नंबर. एक तिचा आणि एक शेजारणीचा नाहीतर बहिणीचा, कारण नंबर बदलतात आणि वर्षभराने "हा क्रमांक सेवेत नाही" ऐकत बसावं लागतं. सुरुवातीची ही नोंद नसेल तर नंतर काहीही सिद्ध करता येत नाही. "तेव्हा किती मिळायचे हो तुम्हाला" असं दोन वर्षांनी विचारलं तर माणूस अंदाज सांगतो, आणि तुमचं मन राखायला थोडा कमीच सांगतो.

घराची परिस्थितीही नोंदवायची असेल तर स्वतः प्रश्न रचत बसू नका, पीपीआय नावाची दहा प्रश्नांची तयार प्रश्नावली आहे. घरात माणसं किती, अमुक वस्तू आहे का, असे साधे प्रश्न, त्यावरून गुण, आणि गुणांवरून घर गरिबीरेषेखाली असण्याची शक्यता. प्रत्येक देशाची वेगळी असते, आपली भारताची घ्यायची.

आता पैशाचं विचारणं. "महिन्याला किती कमावता?" ह्या प्रश्नाला आजवर मला एकही खरं उत्तर मिळालेलं नाही, आणि सासूबाई दारात उभ्या असतील तर नाहीच नाही. असं विचारायचं: बेन, मागच्या आठवड्यात ब्लाउज किती शिवले? एकाची शिलाई किती घेता? पिको-फॉल किती केले? दोरा, अस्तर, हुक ह्याला किती गेले? मशीनचा हप्ता आहे का? गुणाकार आपण घरी येऊन करायचा. आठवडाभराचं माणसाला आठवतं, वर्षाचं आठवत नाही.

बडोद्यात आणखी एक भानगड आहे, नवरात्र. गरब्याच्या आधीचे दोन महिने चणियाचोळीचं काम इतकं असतं की आमच्या बायका फोनसुद्धा उचलत नाहीत. त्या दिवसांत विचारलंत तर तुमचा शिवणवर्ग म्हणजे सोन्याची खाण, आणि पितृपक्षात ब्लाउजवालीला विचारलंत तर सगळं पाण्यात. म्हणून वर्षातून निदान दोनदा विचारा, एकदा सीझनला आणि एकदा सुनसान महिन्यात, उदाहरणार्थ फेब्रुवारी. तुमच्या गावी सीझन वेगळा असेल, शाळेचे युनिफॉर्म असतील, लग्नं असतील, पण असणारच.

आता मुख्य हिशेब. आकडे समजावण्यापुरते घेतलेत, पद्धत आमचीच आहे. समजा वर्गात 40 जणी होत्या, वर्षाने फोन केले तर 31 सापडल्या, त्यातल्या 14 शिवणाचे पैसे मिळवतात. सीझनच्या दोन महिन्यांत खर्च जाऊन महिना 4,000 सुटतात आणि बाकीचे दहा महिने 1,200. वर्गाचा खर्च दीड लाख, ह्यात शिक्षिकेचं मानधन, भाडं, वीज, मशिनींची झीज आणि स्वयंसेवकांच्या वेळेची किंमतसुद्धा धरलेली. ती धराच. फुकट राबणारा माणूस उद्या मुलाकडे पुण्याला गेला की त्याच्या जागी पगारी माणूस ठेवावा लागतो, तेव्हा कळतं फुकट काय होतं ते.

माहितीपत्रकवाला हिशेब असा होतो: 14 गुणिले 4,000 गुणिले 12 म्हणजे 6,72,000, भागिले दीड लाख, "तुमच्या एका रुपयाचे साडेचार रुपये!" आम्हीही हे जवळपास छापलं होतं, प्रुफावर थांबवलं.

खरा हिशेब करताना वजाबाक्या करायच्या. ह्या 14 पैकी 5 जणी आधीपासून शिवून कमवत होत्या, प्रवेशाच्या फॉर्मवर लिहिलंय. त्यांची कमाई आपल्या नावावर घालता येत नाही (वाढली असेल तर फक्त वाढ धरा, इथे सोपं ठेवायला सोडून देते). राहिल्या 9. म्हणजे सापडलेल्यांपैकी ज्या 26 जणी आधी काही कमवत नव्हत्या त्यातल्या 9, शेकडा साधारण 35. आता विचारा की वर्ग नसता तर ह्यातली एकही शिवायला लागली नसती का? लागली असती. मामीकडून शिकली असती, मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकली असती. ते कसं कळणार, तर ज्यांना जागा नव्हती म्हणून थांबवल्या त्या वेटिंग लिस्टला फोन करा. समजा त्यातल्या 20 सापडल्या, ह्याही आधी कमवत नव्हत्या, आणि त्यातल्या 2 वर्षभरात आपल्या आपण शिवून कमवायला लागल्या. शेकडा 10. म्हणजे आपल्या 26 मधल्याही अडीच-तीन जणी तशाही लागल्या असत्या. 9 वजा 3, आपल्यामुळे 6.

एकीचं वर्षाचं: 2 गुणिले 4,000 अधिक 10 गुणिले 1,200, म्हणजे 20,000. सहा जणींचे 1,20,000. पहिल्या वर्षी दीड लाखाचे एक लाख वीस हजार, खर्चही वसूल नाही. दुसऱ्या वर्षी काही सोडतात, बाळंतपण, बदली, डोळे, समजा 4 टिकल्या तर आणखी 80,000. दोन वर्षांत दोन लाख, म्हणजे रुपयाला एक रुपया तेहतीस पैसे. साडेचारच्या जागी एक तेहतीस. कमिटीत दोन मिनिटं शांतता होते हे ऐकून, पण हा आकडा कुणीही उलटसुलट विचारलं तरी उभा राहतो.

आणि ज्या 9 सापडल्याच नाहीत? त्यांना वरच्या हिशेबात शून्य धरलंय. सापडलेल्यांसारख्याच त्याही असतील तर आपल्यामुळे लागलेल्या 6 च्या जागी 8 होतात. मग अहवालात "6 ते 8" लिहा, एकच आकडा ठोकून देऊ नका. फोन न उचलणाऱ्यांत ज्यांचं काही झालं नाही त्या जास्त असतात, असा माझा अनुभव, म्हणून मी खालचाच आकडा धरते. अजून एक वजाबाकी राहते, जी मला कधीच नीट जमली नाही: आपल्या बाईकडे आलेलं गिऱ्हाईक समोरच्या गल्लीतल्या जुन्या शिवणाऱ्या मावशींचं गेलं का? गेलं असेल तर गल्लीची कमाई वाढलेली नाही, पैसे फक्त एका दारातून दुसऱ्या दारात गेले. निदान एकदा त्या मावशींकडे जाऊन बसा.

वेटिंग लिस्टमध्ये एक खोट आहे हे कबूल. जी पहिल्या दिवशी सकाळी आठला येऊन नाव देते तिची हौसच जास्त असते, म्हणून ती वर्गात शिरते आणि उशिरा येणारी वेटिंगवर राहते, मग दोघींची तुलना सरळ कशी? उपाय सोपा आहे, जागांपेक्षा नावं जास्त आली की चिठ्ठ्या टाका. सगळ्यांसमोर, लहान मुलाकडून उचलून घ्या. वशिल्याची कटकटही जाते (अध्यक्षांच्या कामवाल्या बाईची भाची, तुम्हाला माहितीये मी काय म्हणतेय) आणि दोन्ही गट बऱ्यापैकी सारखे होतात. राहिलेल्यांना पुढच्या बॅचमध्ये आधी जागा द्यायची म्हणजे अन्यायही नाही.

ही चिठ्ठ्यांची युक्ती काही मी काढलेली नाही, आणि गंमत म्हणजे तिचं जगभर गाजलेलं एक उदाहरण आमच्याच गावातलं आहे, इथल्या बहुतेकांना पत्ता नाही. 2001 ते 2003 मध्ये मुलांच्या शिक्षणात काम करणाऱ्या प्रथम संस्थेने मुंबई आणि बडोद्याच्या सरकारी शाळांत बालसखी नेमल्या, वस्तीतल्याच शिकलेल्या मुली, ज्या तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या 15-20 मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून वाचन-गणित शिकवायच्या. मोजणी करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना पुढे 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी काय केलं, तर शाळांचे चिठ्ठीने दोन गट पाडले, एका गटात बालसखी तिसरीला आणि दुसऱ्या गटात चौथीला. कुठलीच शाळा रिकाम्या हाताने राहिली नाही, आणि इकडची तिसरी तिकडच्या तिसरीशी ताडून बघता आली. दोन शाळांत वर्ग चालवणाऱ्या संस्थेला हे उद्या सकाळी करता येईल. (शाळा दोनच असल्या तर पुरावा कच्चा राहतो, पण काहीच नसण्यापेक्षा बरा.) मार्क खरोखर वाढले, सगळ्यात जास्त मागे पडलेल्यांचे. पण कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने परत तपासलं तर वाढीचा बराच भाग विरून गेला होता, थोडा उरला. म्हणून वर्ग संपल्या दिवशी परीक्षा घेऊन टाळ्या वाजवू नका, वर्षाने परत घ्या. तसं बघायला गेलं तर आधी छोट्या जागी करून बघायची रीत इथे जुनीच आहे, सयाजीरावांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण 1893 मध्ये आधी अमरेली भागात लावून पाहिलं आणि मग 1906 मध्ये सगळ्या संस्थानाला लावलं.

अभ्यासवर्गवाल्यांनी पेपर स्वतः काढू नये, असर नावाच्या मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीतली वाचन चाचणी फुकट मिळते, 2005 पासून देशभर वापरात आहे. अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट, मूल कुठपर्यंत पोचतं ते टिपायचं, काही मिनिटांचं काम. दोन गोष्टी सांभाळा. मूल शाळेत ज्या भाषेत शिकतं त्या भाषेतली चाचणी घ्या, आमच्याकडे घरी मराठी बोलणारी मुलं गुजराती माध्यमात, त्यातल्या एखादीला मराठी गोष्ट वाचायला देऊन "बघा येत नाही" म्हणणं म्हणजे पोरीची थट्टा. आणि जो शिकवतो त्याने चाचणी घ्यायची नाही, बाईंचे ओठ आपोआप हलतात.

रुपयात न बसणाऱ्या गोष्टी राहतातच. एक बाई म्हणाली, आता रिक्षाचे पैसे भाजीच्या पैशातून काढावे लागत नाहीत. ह्याचे किती रुपये लावणार? लावणारे लावतात. एसआरओआय म्हणून पद्धत आहे, 1990 च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत एका संस्थेने सुरू केली, त्यात आत्मविश्वासालाही किंमत देऊन रुपयाला अमुक रुपये असं गुणोत्तर काढतात. वर ज्या वजाबाक्या केल्या त्या त्याच पद्धतीतल्या आहेत आणि त्या शिकण्यासारख्या आहेत. पण आत्मविश्वासाला किंमत लावायला मी जात नाही, कारण तिथे आकडा तुम्हाला हवा तेवढा फुगवता येतो. आणि दोन संस्थांची गुणोत्तरं शेजारी ठेवून ही चांगली ती वाईट म्हणणं तर अजिबात नको, दोघींनी वेगळं वेगळं धरलेलं असतं. त्यापेक्षा वर्षातून एकदा दहा-बारा जणींना एकच प्रश्न विचारा: वर्गात आल्यापासून सगळ्यात मोठा बदल कुठला, आणि तोच का? उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, मग कमिटीने बसून त्यातलं एक निवडायचं आणि का निवडलं तेही लिहायचं. रिक डेव्हिस नावाच्या माणसाने ही पद्धत बांगलादेशात काम करताना बसवली. निवडताना जी वादावादी होते त्यात कळतं की कमिटीतल्या कुणाला नेमकं काय महत्त्वाचं वाटतं. एक नियम, वाईट बदलही विचारायचा. एकीने सांगितलं की कमाई सुरू झाल्यावर नवऱ्याने घरखर्च द्यायचाच बंद केला. ते आम्ही अहवालात लिहिलं, नाव न घालता.

आता सीएसआर, म्हणजे कंपन्या समाजकामासाठी देतात तो पैसा, कारण मकरपुऱ्याच्या कंपनीत कुणाची तरी ओळख निघाली की सगळ्या ट्रस्टांचे डोळे चमकतात. कंपनीवाले "इम्पॅक्ट असेसमेंट" म्हणाले की घाबरू नका. 2021 च्या नियमानुसार बाहेरच्या स्वतंत्र माणसाकडून तसं मूल्यमापन सक्तीचं आहे ते ज्या कंपनीची सीएसआरची रक्कम गेल्या तीन वर्षांत सरासरी 10 कोटी किंवा जास्त आहे तिला, आणि तेही 1 कोटी किंवा त्यावरच्या, पूर्ण होऊन निदान वर्ष झालेल्या प्रोजेक्टला. तुमच्या तीन लाखाच्या वर्गाला नाही. आम्हाला एका कन्सल्टंटने सांगितलं होतं की ह्याच्याशिवाय एक रुपया मिळणार नाही आणि रिपोर्टचे वर्गाच्या निम्म्या खर्चाएवढे पैसे मागितले. माझा साधा नियम, मोजण्यावर कामाच्या खर्चाच्या दहा टक्क्यांवर जायचं नाही, बहुतेक वेळा पाच पुरतात. माणसं हवी असतील तर एमएस युनिव्हर्सिटीची समाजकार्य शाखा इथेच आहे, त्यांचे विद्यार्थी फील्डवर्क करतात, तिथे जाऊन रीतसर विचारा. बाहेरचा विद्यार्थी फोन करतो तेव्हा बायका आमच्यापेक्षा त्याला खरं सांगतात, आम्हाला वाईट वाटेल म्हणून त्या गोड बोलतात.

साधनांचं फार नाही सांगायचं. शंभराच्या आत नावं असतील तर लांब वही आणि एक एक्सेल बस झालं. जास्त असतील तर कोबो टूलबॉक्स नावाचं फॉर्म भरायचं साधन, नेट नसताना मोबाईलवर भरता येतं, देवनागरी चालतं, छोट्या संस्थेला पैसे पडत नाहीत. फॉर्मवर "ही माहिती कशासाठी घेतोय" हे दोन ओळीत लिहून सही घ्या, 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 खालच्या मुलांसाठी आईवडलांची संमती सांगितली आहे. आणि भरलेल्या फॉर्मचे फोटो कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, आमच्यात एकदा पडले होते, कुणाची कमाई किती ते दुपारपर्यंत अर्ध्या गल्लीला माहीत.

आणि आलेल्या आकड्यांचं करायचं काय, तर पुढच्या बॅचच्या आधी एक बैठक फक्त त्याच्यासाठी. आमच्या बैठकीत ठरलं की एक बॅच कमी करायची आणि त्या पैशातून सेकंडहँड मशिनी घेऊन वर्ग संपल्यावर वर्षभर घरी वापरायला द्यायच्या, डिपॉझिट घेऊन. अहवालातला शिकवलेल्या बायकांचा आकडा त्यामुळे खाली गेला. काकांना आधीच फोन करून सांगितलं की यंदा आकडा लहान दिसेल. ते म्हणाले बरं, आणि मशिनी कुणाकुणाकडे आहेत त्याची यादी घेऊन या.